भेगेची दिशा

२०२३ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एका काळपट खड्याची चित्रफीत जगभर फिरत होती. चुंबकावर ठेवलेला तो खडा एका कडेने किंचित उचलला गेलेला दिसे. दक्षिण कोरियातील एका गटाचा दावा असा की शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून घडवलेला हा ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानालाही अतिसंवाहक असतो, म्हणजेच विजेच्या प्रवाहाला मुळीच रोध करत नाही. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी भट्ट्या पेटवल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही तो पदार्थ तयार करून तपासण्यात आला, आणि त्यात अतिसंवाहकता आढळली नाही. पुढे इतर ठिकाणांहूनही तेच उत्तर आले. रोधातली ती अचानक घट मिसळीतल्या कॉपर सल्फाइडची करामत असल्याचे दिसून आले. महिनाभरात वादळ शमले.

त्याच दिवसांत देशातल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत, एक संशोधक विद्यार्थिनी हायड्रॉलिक प्रेसच्या दोन पोलादी ठोकळ्यांमध्ये तीन सेंटीमीटर लांबीची चांदीची फीत ठेवत होती. भेटेल तो तिला एकच प्रश्न विचारी. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी विचारला, गावाकडच्या काकांनी फोनवर विचारला, शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने तर चहा पिता पिता हसत हसत विचारला : “मग आता तुझ्या कामाचं काय?”

तिच्यापाशी या प्रश्नाचे नीट उत्तर नव्हते. मात्र प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो आहे, एवढे तिला जाणवत होते. कोरियातला दावा खरा ठरला असता, तरी त्या खड्यापासून तार कशी करायची हा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिलाच असता. आणि तिची तीन वर्षे त्याच प्रश्नात गेली होती.

अतिसंवाहकतेचा इतिहास सहसा तापमानांच्या चढत्या पायऱ्यांनी सांगितला जातो. १९११ मध्ये लायडन येथे कॅमरलिंग ऑनेस यांना पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनजवळ नाहीसा होताना दिसला. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये तीस केल्विनच्या पलीकडे तीच खूण सापडली. लगेच पुढच्या वर्षी यट्रियमयुक्त ऑक्साइडने नव्वदी ओलांडली. १९८८ च्या प्रारंभी जपानमधील त्सुकुबा येथे हिरोशी माएदा यांच्या गटाला बिस्मथयुक्त ऑक्साइडांचे कुटुंब गवसले. त्यातल्या एका सदस्याचे क्रांतिक तापमान ११० केल्विनच्या आसपास भरले. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. हेलियमसारखा दुर्मिळ वायू द्रवरूप करण्याची खटपट आता उरली नव्हती. जो द्रव तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही रेतमात्रा टिकवण्यासाठी ठेवलेला असतो, तो पुरेसा होता.

त्या वर्षांत भारतही या धावपळीत मागे नव्हता. बंगळुरूत सी. एन. आर. राव यांचा गट, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अशा ठिकाणी रात्रंदिवस काम चालले. दिल्लीत अनंत नारळीकर यांचा गट तर अतिसंवाहकांवर आधीपासूनच काम करत होता. सरकारने अतिसंवाहकतेचा राष्ट्रीय कार्यक्रम उभारला. पुढेही चांगले शोध लागले : १९९४ मध्ये मुंबईत बोरोकार्बाइडांचे नवे कुटुंब मिळाले, २०१६ मध्ये टाटा संस्थेतल्या गटाने शुद्ध बिस्मथचा स्फटिक केल्विनच्या जवळपास दोन-हजाराव्या अंशाला अतिसंवाहक होतो असे दाखवले, आणि हे प्रचलित सिद्धान्तांना कोड्यात टाकणारे ठरले. असे असूनही उच्च तापमानाच्या अतिसंवाहकाची किलोमीटरभर लांबीची फीत हवी झाली, की भारतातल्या प्रयोगकर्त्याला बहुधा परदेशी कारखान्याकडेच मागणी नोंदवावी लागते. पदार्थ शोधणे आणि त्याची तार ओढणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरीला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही.

या दुसऱ्या विद्येतली अडचण समजायला फार गणित लागत नाही. रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्रांत ज्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी असतात, तो मिश्रधातू आहे. तो ओढता येतो, वळवता येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने तशी तार देशात बनवलीही आहे. बिस्मथचे ऑक्साइड मात्र जातीने चिनी मातीच्या भांड्यांचे भाऊबंद. ओढू गेले की तुटते, वळवू गेले की तडकते. त्यातून त्याचे स्फटिक अभ्रकासारखे पापुद्र्यांचे. वीज पापुद्र्याच्या पातळीत सुखाने धावते, एका पापुद्र्यातून वरच्या पापुद्र्यात जाताना अडखळते. शेजारच्या दोन पापुद्र्यांच्या कडा एकमेकींशी काही अंशांहून अधिक तिरप्या जुळल्या, तर त्या सांध्यावर प्रवाह एकदम खाली येतो. म्हणून असे लक्षावधी सूक्ष्म पापुद्रे एकाच दिशेला निजलेले, एकमेकांना घट्ट चिकटलेले आणि मध्ये पोकळी न ठेवता किलोमीटरभर मांडलेले हवेत.

हे साधण्याची रूढ रीत दिसायला साधी आहे. बिस्मथ, शिसे, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे यांच्या संयुगांची पूड ठरावीक प्रमाणात मिसळून भाजायची, कुटायची, पुन्हा भाजायची. मग ती चांदीच्या नळीत ठासून भरायची. चांदीच का, तर ती या पुडीशी भांडत नाही, तापल्यावर ऑक्सिजनला आपल्यातून आरपार जाऊ देते, आणि मऊ असते. भरलेली नळी लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून तार करायची, सोनार करतो तशीच. त्या तारेचे तुकडे दुसऱ्या नळीत जुडीसारखे बांधून पुन्हा ओढले की अनेक तंतूंची तार होते. शेवटी ती लाटण-यंत्राच्या दोन रुळांमधून काढली की चारेक मिलिमीटर रुंदीची, कागदी पुठ्ठ्याइतक्या जाडीची फीत तयार. मग ८३०-८४० अंशांच्या भट्टीत पन्नास-शंभर तास. त्या तापात पुडीचे रूपांतर हव्या त्या संयुगात होते. त्याचे नाव बिस्मथ-२२२३; बिस्मथ दोन, स्ट्रॉन्शियम दोन, कॅल्शियम दोन आणि तांबे तीन, असा तो हिशेब.

खरी कथा यानंतर सुरू होते. भट्टीत पापुद्रे वाढतात, पण वाढताना ते एकमेकांना ढकलतात. दाटपणा वाढण्याऐवजी कमी होतो आणि मध्ये मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून फीत भट्टीतून काढून पुन्हा एकदा दाबावी लागते आणि पुन्हा भाजावी लागते. हे मधले दाबणे कसे करायचे, एवढ्याच मुद्द्यावर १९९० च्या दशकात जपान, अमेरिका आणि युरोपातल्या गटांनी ढीगभर निबंध लिहिले. रुळांमधून लाटायची, की दोन सपाट ठोकळ्यांमध्ये धरून दाबायची? चांदी तीच, पूड तीच, भट्टी तीच; पण ठोकळ्यांत दाबलेल्या आखूड तुकड्यांतून द्रव नायट्रोजनच्या तापमानाला चौरस सेंटीमीटरला पन्नास हजार अँपिअरच्या वर प्रवाह मिळू लागला, आणि लाटलेल्या लांब फिती पुष्कळदा त्याच्या निम्म्यावरही पोहोचेनात.

विद्यार्थिनीला याचे कारण पुस्तकातून ठाऊक होते. ते पटले मात्र दिवाळीच्या सुट्टीत, सोलापूरकडच्या आपल्या घरी. स्वयंपाकघरात आई भाकऱ्या करत होती आणि लेक दाराशी बसून, तीन वर्षांत पहिल्यांदाच, आपण नेमके काय करतो ते सांगत होती. फीत लाटली की आत चिरा पडतात, इथपर्यंत सांगून झाल्यावर आईने परातीतले पीठ हाताने गोल फिरवत म्हटले, “अगं, ज्वारीचं पीठ कुणी लाटतं का? त्याला गव्हासारखी ओढ नसते. लाटणं फिरवलं की कडेनं चिरलंच. म्हणून तर थापायची.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “आणि पिठाची विरी गेली असली तर थापूनही भागत नाही. मग उकळतं पाणी घालायचं.”

लाटणे आणि थापणे यांतला हा भेद धातुविज्ञानातही जवळपास तसाच आहे. रुळांमधून जाताना फीत लांबीच्या दिशेने ताणली जाते. चांदी त्या ताणाबरोबर वाहते. आतले ठिसूळ ऑक्साइड वाहू शकत नाही, ते ताणाच्या दिशेला आडवे तुटते. म्हणजे भेगा फितीच्या रुंदीभर, रस्त्यावर आडवे खोदलेले चर असावेत तशा पडतात. वीज नेमकी लांबीच्या दिशेने जायची असते. प्रत्येक चर तिला आडवा येतो. सपाट ठोकळ्यांत दाबल्यावर गोष्ट उलटते. ठोकळा फितीच्या रुंदीपेक्षा कितीतरी लांब असतो, त्यामुळे लांबीच्या दिशेने घर्षण तिला धरून ठेवते आणि ती सरकते ती बाजूंना, रुंदीकडे. भेगा इथेही पडतात. मात्र त्या लांबीला समांतर असतात. प्रवाह त्यांच्या शेजारून, जणू शेताच्या सऱ्यांमधून पाणी जावे तसा निघून जातो. दाबण्याने भेगा टळत नाहीत, त्यांची दिशा बदलते. शिवाय पुढच्या भाजणीत थोडासा द्रव अंश निर्माण होऊन काही भेगा बुजतात, आणि दाबलेल्या गाभ्याचा दाटपणाही अधिक असतो. आईच्या उकळत्या पाण्याचे काम इथे भट्टी करते. अर्थात ही तुलना फार ताणू नये, नाहीतर तीही आडवी तुटेल.

मग सगळेच दाबून का करत नाहीत? याचे उत्तर प्रेसवरच्या काट्यात आहे. या कामात लागणारा दाब एक ते दोन गिगापास्कलच्या घरातला असतो. चार मिलिमीटर रुंद आणि तीन सेंटीमीटर लांब तुकड्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटीमीटरही भरत नाही. त्यावर एक गिगापास्कल दाब द्यायला सुमारे बारा टनांचे बल पुरते. विभागातला जुना प्रेस पंधरा टनांचा होता, तेव्हा तीन सेंटीमीटर ही त्याचीच मर्यादा. एक मीटर फीत एका दमात दाबायची तर चारशे टन लागतील. एक किलोमीटरसाठी चार लाख टन. तसे यंत्र पृथ्वीवर नाही. रुळांचे थोरपण हेच की कोणत्याही क्षणी त्यांच्या चिमटीत फितीची एक बारीकशी रेघच असते, म्हणून लहान यंत्रावरही कितीही लांब फीत लाटता येते.

ती राष्ट्रीय परिसंवादाला गेली तेव्हा हा पेच तिला पुरता उमगलेला नव्हता. निबंधाचा सारांश पाठवताना सर म्हणाले होते, “दाबलेल्या तुकड्याचा आकडा शीर्षकाजवळ घे. लोकांचं लक्ष तिथेच जातं.” सरांचे म्हणणे खोटे नव्हते. आकडा खरा होता, तीनदा मोजलेला होता. तक्ता भिंतीवर लागला; त्यात प्रवाहाचा आलेख उंच आणि देखणा दिसत होता. दुपारी एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ हातात चहाचा कप घेऊन तक्त्यापुढे उभे राहिले. बराच वेळ त्यांनी काही विचारले नाही.

“ही फीत किती लांब?”

“तीन सेंटीमीटर, सर.”

“आणि तुम्ही लाटलेली केली असेल ना?”

“हो. ती दीड मीटर आहे.”

“तिचा आकडा कुठे आहे?”

तो तक्त्यावर नव्हता. तिने तोंडाने सांगितला. त्यांनी मान हलवली, “चांगला आहे की, लिहायचा होता,” एवढेच म्हणाले आणि पुढच्या तक्त्याकडे वळले. त्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच बहुधा ते तिच्या मनातून जाईना. परतीच्या प्रवासात तिने वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. एकात विज्ञान होते, दुसऱ्यात तार होती. या क्षेत्रातले जुने निबंध ती पुन्हा वाचू लागली तेव्हा तिला दिसले की हीच फट जगभरच्या लिखाणात होती : शीर्षकात आखूड तुकड्याचा विक्रम, आणि लांबीचा उल्लेख आत कुठेतरी, पद्धतीच्या परिच्छेदात. लबाडी त्यात नसते. पण वाचणाऱ्या विद्यार्थ्याची, आणि निधी देणाऱ्या अधिकाऱ्याचीही, समजूत काय होते हा प्रश्न उरतोच.

ही फट बुजवण्याचे प्रयत्नही तेव्हाच झाले होते, आणि ते तिला आता नव्याने महत्त्वाचे वाटू लागले. जिनिव्हा विद्यापीठात रेने फ्लूकिगर यांच्या गटाने लांब फीत टप्प्याटप्प्याने दाबून पाहिली : ठोकळा खाली येतो, दाबतो, वर जातो, फीत थोडी पुढे सरकते, पुन्हा दाब. डेन्मार्कमध्ये फीत दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये धरून लाटण्याचा प्रयोग झाला, म्हणजे रुळ राहावेत पण ताण कमी व्हावा. शिवणयंत्राची सुई टाका घालते तसा टाके घालत जाणारा प्रेस ही कल्पना तिला विशेष भावली. तिच्याजवळ स्वयंचलित यंत्र नव्हते. हात होते, आणि पंधरा टनांचा प्रेस होता.

बारा सेंटीमीटरची एक फीत घेऊन तिने ती तीन तीन सेंटीमीटरच्या टप्प्यांत, दर वेळी आधीच्या भागावर थोडे चढवून, दाबली. भाजली. थर्माकोलच्या पेटीत द्रव नायट्रोजन ओतून, उकळी शांत होईपर्यंत थांबून, प्रवाह वाढवत नेला. दर सेंटीमीटरला एक मायक्रोव्होल्ट दाब दिसू लागला की तो क्रांतिक प्रवाह, असा संकेत आहे. काटा अपेक्षेपेक्षा फारच लवकर हलला. टप्प्याने दाबलेली फीत साध्या लाटलेल्या फितीपेक्षाही वाईट निघाली होती.

पुढचे चार आठवडे यात गेले. तिने फितीवर दर सेंटीमीटरला बारीक तारा जोडल्या आणि प्रत्येक तुकड्याचा व्होल्टेज वेगळा मोजला. मधले भाग उत्तम होते, आखूड तुकड्याइतकेच. सगळा बिघाड टप्प्यांच्या सांध्यांवर होता. सांध्याची चांदी विरघळवून गाभा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा कारण डोळ्यांना दिसले : ठोकळ्याची कड जिथे संपते तिथे पदार्थाला लांबीच्या दिशेने निसटायला वाट मिळत होती. तेवढ्याच जागी तो ताणला जाई आणि अगदी रुळाखाली पडते तशीच आडवी भेग पडे. अख्खी फीत तिच्या सर्वांत वाईट सेंटीमीटरवर अडते. अकरा सेंटीमीटर निर्दोष असून एक सदोष असला, तर प्रवाह त्या एकाचाच.

उपाय कार्यशाळेतल्या मामांच्या हाती निघाला. मामा निवृत्तीला आलेले. विभागातले निम्मे डाय त्यांनीच घडवलेले. तिने आकृती काढून दाखवली, त्यांनी ती न बघता भेगेचे छायाचित्र पाहिले. “बाई, याची कड सरळ तोडलीय, म्हणून ती चावते,” ते म्हणाले. “उतार देऊया. लांब उतार. एकदम सोडायचं नाही.” दोन दिवसांनी ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना, हाताला लागेल न लागेल असा, घासून गुळगुळीत केलेला उतार होता. आता दाब टोकाकडे हळूहळू ओसरत होता आणि पुढचा टप्पा त्या उतारावरच चढत होता. सांधे पूर्ण निर्दोष झाले नाहीत. पण या वेळी काटा बऱ्याच उशिराने हलला.

तिचे निकाल घेऊन निबंध एका नियतकालिकाकडे गेला, तेव्हा एका परीक्षकाने लिहिले की हा विषय पंधरा वर्षांपूर्वीच निकाली निघाला आहे. ते बरेचसे खरे होते, हे मान्य करायला हवे. जपानच्या सुमितोमो इलेक्ट्रिकने २००० नंतरच्या दशकात निराळीच वाट काढली. ठोकळा नको, रूळ नको. शेवटची भाजणी सुमारे तीनशे वातावरणांच्या वायुदाबाखाली करायची. वायू फितीला सर्व बाजूंनी सारखाच दाबतो, त्यामुळे ताणाला दिशाच उरत नाही, आणि दाब व ताप एकाच वेळी असल्यामुळे भेग पडताच भरूनही येते. वायू बहुतांशी निष्क्रिय, त्यातला ऑक्सिजनचा आंशिक दाब मात्र एका वातावरणाच्या दहाव्या भागाहूनही कमी राखायचा. त्यात चूक झाली की हवे ते संयुगच बनत नाही. या रीतीने गाभ्यातल्या पोकळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या आणि प्रवाह वाढला. जर्मनीतल्या एसेन शहरात २०१४ मध्ये जमिनीखाली घातलेली एक किलोमीटरची अतिसंवाहक केबल बिस्मथच्याच फितींची होती. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत महाकाय कणत्वरकाच्या चुंबकांना वीज पोचवणाऱ्या एक हजाराहून अधिक जोडण्यांतही बिस्मथ-२२२३ च आहे.

मग तिने प्रेस का सोडला नाही? एक कारण साधे. तीनशे वातावरणांचा दाब सोसणारी, ८३० अंशांवर दिवसेंदिवस तापणारी भट्टी विभागाला परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी त्या इमारतीत ती ठेवू देणे शहाणपणाचे झाले नसते. दुसरे कारण असे की पदार्थ बदलला तरी हा प्रश्न पुन्हा पुन्हा परत येतो. २००८ मध्ये जपानमध्ये होसोनो यांच्या गटाला लोहयुक्त अतिसंवाहक सापडले. त्यांच्या फितीही पूड नळीत भरूनच होतात. त्यांतही त्सुकुबा येथल्या संशोधकांना लाटलेल्या फितीत आडव्या आणि दाबलेल्या फितीत उभ्या भेगा दिसल्या. बीजिंगच्या गटाने २०१४ मध्ये तापवून दाबलेल्या लोहयुक्त फितीत दहा टेस्ला क्षेत्रात आणि ४.२ केल्विनला चौरस सेंटीमीटरला एक लाख अँपिअर गाठले. त्याच गटाने दोन वर्षांनी शंभर मीटरची फीत केली, ती मात्र लाटून. आखूड दाबलेली आणि लांब लाटलेली यांच्यातले जुने अंतर नव्या पदार्थासह तसेच पुढे चालत आले.

यट्रियमच्या कुळातल्या, पातळ लेपाच्या फिती आता बाजारात पुढे आहेत, आणि संलयन-भट्ट्यांसाठी त्यांची मागणी वाढते आहे. त्यांत पूड दाबायची नसते. धातूच्या पट्टीवर एकावर एक सूक्ष्म थर चढवायचे असतात. त्या कारखान्यांचा खर्च आणि कसब यांचा विचार करता देशातल्या विद्यापीठांत चांदीची नळी, जुना प्रेस आणि एक भट्टी एवढ्यावर जे शिकता येते ते हेच काम आहे. शिकण्यासाठी ते वाईट नाही. हातात धरलेल्या फितीत नेमके कुठे काय तुटले, हे इथे शोधून काढता येते.

परीक्षकाला तिने लांबलचक उत्तर लिहिले आणि मग ते अर्ध्यावर आणले. तिने लिहिले की दाब वाढवून मिळणारा लाभ जुनाच आहे. टप्प्यांच्या सांध्यावरचा तोटा किती आणि ठोकळ्याच्या उताराने तो किती कमी होतो, याची सेंटीमीटरनिहाय मोजणी हे या निबंधाचे म्हणणे आहे. शीर्षक बदलले. त्यातून आकडा काढून टाकला. सरांनी नवे शीर्षक वाचून चष्मा कपाळावर सरकवला. “कमी लोक वाचतील,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “पण वाचतील ते वापरतील. पाठव.” निबंध स्वीकारला गेला तेव्हा एलके-९९ ची चर्चा विसरून सहा महिने झाले होते.

त्या निबंधात एक लांब तक्ता आहे. त्यात सर्वांत वरच्या ओळीत तीन सेंटीमीटरचा दाबलेला तुकडा, त्याखाली दीड मीटरची लाटलेली फीत, आणि मग टप्प्याने दाबलेल्या फितीचे बारा स्तंभ, प्रत्येक सेंटीमीटरचा एक. सातव्या स्तंभातला आकडा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आहे. तिथे दुसरा आणि तिसरा टप्पा एकमेकांवर चढतात. तो स्तंभ तिने ठळक अक्षरांत छापायला सांगितला, आणि सध्या मामांनी घडवलेल्या दुसऱ्या ठोकळ्याने, पहिल्यापेक्षा दुप्पट लांब उताराच्या, ती तोच सातवा सेंटीमीटर पुन्हा दाबून पाहते आहे.